स्टुडंट लोनचं कलेक्शनचं पत्र आलंय, रक्कम मान्य नाही. व्हॅलिडेशन, म्हणजे कर्ज आणि रक्कम खरी असल्याची लेखी खातरजमा, नेमकं कसं मागायचं?

नीलाक्षी:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो आम्ही. विषय जरा घरचा आहे तरी इथे मांडतेय कारण ओळखीत कोणाला विचारावं तर चारचौघांत चर्चा होते आणि उत्तर मात्र मिळत नाही.

२०१३ मध्ये माझा पुतण्या म्हणजे मोठ्या दिरांचा मुलगा इथे एमएस करायला आला. एफ-१ वर म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलेल्या मुलांना फेडरल लोन मिळत नाही, प्रायव्हेट घ्यावं लागतं आणि बँक सिटिझन नाहीतर ग्रीनकार्डवाला कोसाईनर म्हणजे सहकर्जदार मागते, तर आमच्या ह्यांनी सही केली. २४,००० डॉलरचं लोन. पोराने नोकरी लागल्यावर भरलं बरीच वर्षं, मग एच-१ म्हणजे नोकरीचा व्हिसा लागला नाही, २०१८ ला परत गेला सांगलीला, तिथे पगार रुपयात आणि हप्ता डॉलरमध्ये, २०१९ मध्ये थकलं. २०२० मध्ये एका एजन्सीबरोबर सेटलमेंट केली, दिरांनी एफडी मोडून पैसे पाठवले, आणि विषय संपला असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आता ह्यांच्या नावाने पत्र आलंय. एजन्सी वेगळीच, आणि क्रेडिटर म्हणून जे नाव आहे तो कुठलातरी ट्रस्ट आहे जो आम्ही उभ्या आयुष्यात ऐकलेला नाही. पत्रात एक तक्ता आहे: ऑगस्ट २०१९ ला बाकी २७,८६०, त्यानंतरचं व्याज ९,४१५, फी ०, पेमेंट्स ०, एकूण ३७,२७५. ते "पेमेंट्स ०" वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिरांची एफडी कुठे गेली मग?

फोन पण चालू आहेत. ह्यांच्या ऑफिसात दोनदा आला. बाई गोड बोलते, म्हणते आज नुसते ५० डॉलर भरा, गुड फेथ म्हणून, मग मी मॅनेजरशी बोलून रक्कम कमी करून देते. हे म्हणतात देऊन टाकू आणि कटकट मिटवू. मला ते पटत नाहीये. एकदा भरलेलं परत का भरायचं? कोणी अशा पत्राला उत्तर दिलंय का? काय लिहायचं, कुठे पाठवायचं?

मृदगंध:
नीलाक्षी, ५० काय ५ डॉलर पण देऊ नका!! आणि फोनवर "हो आमचंच लोन आहे, बघतो" असलं काहीही बोलू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच पण हे आधी वाचा आणि तुमच्या ह्यांना वाचायला द्या.

सातारी_बाणा:
मला थोडं वेगळं वाटतं. सही केली म्हणजे शब्द दिला. घेतलेलं कर्ज फेडायचं हा सरळ हिशेब आहे आणि आपल्या लोकांची तीच ओळख आहे इथे. पुतण्याशी बोला, तो अर्धे देईल तुम्ही अर्धे द्या, एजन्सीला २०-२२ हजारात सेटल करायला लावा. कोर्टकचेरीच्या नादाला लागलात तर क्रेडिट स्कोअर जाईल तो वेगळाच.

मृदगंध:
@सातारी_बाणा, अहो त्यांनी फेडलंय असं त्या सांगतायत ना. फेडलेलं परत फेडणं हा कुठला शब्द पाळणं?

विद्याधर_के:
मी वकील नाही, पण ग्राहकांच्या बाजूने केसेस घेणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून बरीच वर्षं काम करतो आणि असली पत्रं रोज हातात येतात. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी तारीख बघा. पत्रात कुठेतरी स्पष्ट लिहिलेलं असेल की अमुक तारखेपर्यंत वाद उपस्थित करा. कायदा आहे १९७७ चा, फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट, इथून पुढे एफडीसीपीए म्हणतो. त्यात कलेक्टरने पहिला संपर्क केल्यापासून ५ दिवसांत ही नोटीस द्यायची असते आणि ती तुम्हाला मिळाल्यापासून ३० दिवस तुमचे. ह्या ३० दिवसांत तुम्ही लेखी वाद घातलात तर त्यांनी व्हेरिफिकेशन (तुम्ही म्हणता ते व्हॅलिडेशन) पाठवेपर्यंत वसुली थांबवलीच पाहिजे. पत्र नाही, फोन नाही, काही नाही. फोनवर सांगितलंत तर हे वसुली थांबवण्याचं संरक्षण मिळत नाही, म्हणून लेखी. आणि ३० दिवस उलटल्यावर पाठवलंत तर वाद नोंदवला जातो पण थांबण्याचं बंधन त्यांच्यावर राहत नाही. म्हणून पत्र कधी मिळालं ते पाकिटावर आजच लिहून ठेवा, पाकीट टाकू नका.

ताई, तुम्ही जो तक्ता सांगितलात तो ह्याच कायद्याखालच्या रेग्युलेशन एफ नावाच्या नियमांमुळे आलाय, ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालं. आधी नुसता एक आकडा यायचा, आता त्यांना एका ठराविक तारखेची बाकी, त्यानंतरचं व्याज, फी आणि जमा असं फोडून दाखवावं लागतं. तुमचा मुद्दा नेमका त्या जमेच्या शून्यात आहे, तेव्हा हे पत्र जपून ठेवा, हा त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेला कागद आहे.

पत्राच्या खाली फाडून पाठवायची पट्टी असेल, चौकोन असलेली. एक "हे कर्ज माझं नाही", दुसरा "रक्कम चुकीची आहे", तिसरा "इतर", मग मूळ क्रेडिटरचं नाव-पत्ता पाठवा असा एक, आणि त्याच पट्टीवर "मी इतके पैसे सोबत जोडतोय" असाही. पहिल्या चौकोनावर खूण करू नका, कारण तुमच्या यजमानांनी सही केली आहे आणि आपण खोटं लिहायचं नाही, ते पुढे कोर्टात आपल्याच अंगावर येतं. रक्कम चुकीची, इतर, आणि मूळ क्रेडिटर, ह्या तिन्हींवर खूण. पैशाच्या चौकोनाला हात लावू नका. पट्टीची झेरॉक्स आणि सोबत वेगळं पत्र, दोन्ही सर्टिफाईड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन. ती हिरवी पोचपावती सही होऊन परत आली की फाईलला.

नीलाक्षी:
विद्याधरजी खूप खूप आभार. पत्रात काय लिहायचं? नेटवर दोन-दोन पानी नमुने आहेत, त्यात वीस-वीस कागद मागितलेत आणि शेवटी लिहिलंय की ३० दिवसांत उत्तर दिलं नाहीत तर कर्ज रद्द झालं असं समजू. तसं होतं का खरंच?

विद्याधर_के:
नाही होत, आणि हे नीट समजून घ्या कारण ह्या एका गैरसमजापायी लोक गाफील राहतात. ३० दिवसांची मुदत तुम्हाला आहे, त्यांना उत्तर द्यायला कायद्यात मुदतच नाही. ते वर्षभर गप्प बसू शकतात, फक्त तेवढा काळ वसुली करता येत नाही. कर्ज आपोआप रद्द वगैरे काही होत नाही.

दुसरं म्हणजे व्हेरिफिकेशन म्हणून काय द्यायचं ह्याचा निकष बऱ्याच कोर्टांनी फार सैल ठेवलाय. १९९९ चा चौधरी विरुद्ध गॅलेरिझो असा फोर्थ सर्किट ह्या फेडरल अपील कोर्टाचा निकाल आहे, त्यात म्हटलंय की क्रेडिटर जेवढी रक्कम मागतोय तेवढीच आम्ही मागतोय एवढं कलेक्टरने लेखी कळवलं तरी बहुतेक पुरतं. सही केलेली नोट (कर्जाचा मूळ करार), मालकीची साखळी, हप्त्यांचा उतारा हे सगळं तुम्ही मागा, मागायलाच पाहिजे, पण ते नाही दिलं म्हणून लगेच कायदा मोडला असं नाही. ते कागद खरे लागतात कोर्टात, तिथे पुराव्याचा भार त्यांच्यावर असतो.

मग व्हॅलिडेशन मागायचं कशाला? कारण वसुली थांबते, तुमचा वाद तारखेसकट रेकॉर्डवर येतो, आणि ते जे पाठवतील त्यावरून त्यांच्या हातात किती कागद आहेत ते कळतं. प्रायव्हेट स्टुडंट लोनमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. बँक लोन देते, मग ती लोनं गोळा करून ट्रस्टमध्ये टाकतात, रोखे विकतात, ट्रस्टतर्फे सर्व्हिसर हप्ते घेतो, थकलं की कलेक्शन एजन्सी. ह्या प्रवासात कुठली नोट कुठल्या ट्रस्टमध्ये गेली त्याची यादी बऱ्याचदा कोणालाच दाखवता येत नाही. २०१७ मध्ये सीएफपीबी ह्या ग्राहकांचं आर्थिक संरक्षण बघणाऱ्या फेडरल संस्थेने नॅशनल कॉलेजिएट स्टुडंट लोन ट्रस्ट्स आणि त्यांची वसुली बघणाऱ्या ट्रान्सवर्ल्ड सिस्टिम्सवर कारवाई केली ती ह्याच कारणावरून, की मालकीचे कागद नसताना दावे लावले, मुदत उलटलेल्या कर्जांवर लावले, आणि प्रतिज्ञापत्रांवर सह्या करणाऱ्यांना त्या खात्यांची स्वतःची माहितीच नव्हती. तुमचा ट्रस्ट कुठला ते मी विचारत नाही, इथे लिहूही नका.

पत्र अर्ध्या पानाचं पुरे. इंग्रजीतच जाईल पण आशय असा ठेवा:

"तुमचं अमुक तारखेचं पत्र, संदर्भ क्रमांक अमुक. ह्या कर्जाबद्दल माझा वाद आहे. तुम्ही दाखवलेली रक्कम मला मान्य नाही, आणि ज्यांच्या वतीने तुम्ही मागताय त्यांचा ह्या कर्जावर हक्क आहे हेही मला मान्य नाही. कृपया व्हेरिफिकेशन पाठवा, आणि मूळ क्रेडिटरचं नाव व पत्ता कळवा. माझी सही असलेल्या नोटेची प्रत, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या जमेचा उतारा, ऑगस्ट २०१९ नंतरचं व्याज कुठल्या दराने लावलं त्याचा हिशेब, आणि मूळ बँकेपासून सध्याच्या क्रेडिटरपर्यंतचे हस्तांतरणाचे कागदही पाठवा. माझ्या कामाच्या ठिकाणी फोन करू नका, तिथे मला असे फोन घेता येत नाहीत. ह्यापुढे फक्त टपालाने कळवा. ह्या पत्राने मी कुठलंही देणं कबूल करत नाही."

बास. भावना, रागलोभ, पुतण्याची परिस्थिती, कोणाची नोकरी गेली, ह्यातलं काही नको. आणि सेटलमेंटची पावती आत्ता जोडू नका, त्याचं कारण खाली लिहितो.

तुम्ही म्हणता २०१९ ला थकलं आणि २०२० ला सेटलमेंट केली. न्यू जर्सीत लेखी करारावर दावा लावायची मुदत ६ वर्षं. नोटेत दुसऱ्या राज्याचा कायदा लिहिलेला असला तर आकडा बदलू शकतो. आता २०२० ची पावती काय म्हणते त्यावर सगळं आहे. एकरकमी पूर्ण सेटलमेंट असेल, आणि एजन्सीचं तसं पत्र असेल, तर कर्जच संपलं, मुदतीचा प्रश्नच नाही. पण ते हप्त्यांचं सेटलमेंट असून मधला एखादा हप्ता राहिला असेल, तर बऱ्याच राज्यांत शेवटच्या जमेच्या तारखेपासून मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होते. २०१९ च्या मध्यापासून मोजलं तर ६ वर्षं उलटली, २०२० च्या शेवटापासून मोजलं तर २०२६ च्या शेवटापर्यंत त्यांना दावा लावता येतो. त्यातही मुलाने भरलेल्या पैशाने कोसाईनरची मुदत नव्याने सुरू होते का हा वेगळा वाद आहे, तो वकिलालाच विचारायचा. म्हणून आधी पावती स्वतः वाचा, मग ती कोणाला दाखवायची ते ठरवा.

आणि आता कळलं असेल की ती बाई ५० डॉलरवर का अडून बसली आहे. तुमच्या यजमानांनी आज ते दिले तर ते स्वतः भरलेले पैसे झाले, आजच्या तारखेचे.

नीलाक्षी:
हे वाचून ह्यांना बोलावलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आता ते ५० डॉलरचं नाव काढत नाहीयेत.

सांगलीला फोन केला. पुतण्याच्या जुन्या ईमेलमध्ये सेटलमेंटचं पत्र सापडलं, नोव्हेंबर २०२० चं. १२,५०० डॉलर एकरकमी, आणि खाली वाक्य आहे की ही रक्कम मिळाल्यावर खातं "सेटल्ड इन फुल" समजलं जाईल. बँकेची वायरची पावती दिरांनी फाईलला लावून ठेवली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, एफडी मोडल्याच्या कागदाबरोबर. फोटो पाठवले त्यांनी. पत्रावरची तारीख आणि वायरची तारीख ह्यात फक्त तीन दिवसांचं अंतर आहे, पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत.

अजून एक कळलं त्याने मात्र जीव कळवळला. ह्याच एजन्सीने जाऊबाईंना पण फोन केला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर. तुमच्या मुलाने अमेरिकेत कर्ज बुडवलंय, तुमच्या दिरावर केस होणार, त्यांना अटक होऊ शकते. त्या बिचाऱ्या घाबरून गप्प बसल्या, आम्हाला सांगितलंच नाही, रात्र रात्र झोपल्या नाहीत. साठी उलटलेली बाई, इंग्रजी जेमतेम समजतं.

मृदगंध:
किती वाईट. अटक वगैरे काहीही होत नसते हो, त्यांना आधी धीर द्या. कर्ज थकलं म्हणून ह्या देशात कोणी तुरुंगात जात नाही.

विद्याधर_के:
ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. कर्जाबद्दल तिसऱ्या माणसाला काही सांगायला एफडीसीपीएत मनाई आहे. कर्जदार, त्याचा नवरा किंवा बायको, वकील, कोसाईनर, एवढ्यांशी बोलू शकतात. सज्ञान मुलाच्या आईशी नाही. इतरांना फोन करता येतो तो फक्त माणसाचा पत्ता आणि फोन शोधायला, आणि तेव्हाही कर्जाचा उल्लेख करायचा नाही. शिवाय अटकेची धमकी म्हणजे दुसरं उल्लंघन. जाऊबाईंच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची नोंद असेल, नंबर, तारीख, वेळ, त्याचे स्क्रीनशॉट आजच मागवून घ्या, फोन बदलला की जातात. त्यांना काय काय बोलले ते आठवतंय तोवर मराठीतच लिहून सही करून ठेवायला सांगा.

ह्या उल्लंघनांसाठी कोर्ट प्रत्यक्ष नुकसान, त्याशिवाय १,००० डॉलरपर्यंत, आणि वकिलाची फी कलेक्टरकडून मिळवून देऊ शकतं. फी समोरच्याकडून मिळते म्हणून कितीतरी वकील तुमच्याकडून पैसे न घेता केस बघतात. नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्युमर अ‍ॅडव्होकेट्स म्हणजे नाका ह्यांच्या साईटवर राज्यानुसार शोधता येतात. पण मुदत एकच वर्ष आणि ती उल्लंघन झाल्या दिवसापासून, तुम्हाला कळल्या दिवसापासून नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रॉट्किस्के विरुद्ध क्लेम मध्ये तसं स्पष्ट केलंय. जाऊबाईंचा फोन कधीचा आहे ते बघा.

निनाद_एन:
विद्याधरदादांनी कायद्याचं सगळं सांगितलंच आहे, मी क्रेडिट रिपोर्टच्या बाजूने लिहितो. यजमानांचे तिन्ही रिपोर्ट काढा, इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन, अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम वरून, फुकट आहेत आणि आता दर आठवड्याला काढता येतात. हे खातं कसं दिसतंय ते बघा. मूळ बँकेने "सेटल्ड" दाखवलं असेल तर तो तुमच्या बाजूचा मोठा पुरावा. थकल्याची नोंद साधारण ७ वर्षं राहते, पहिल्यांदा थकलं तिथून, एजन्सी बदलली म्हणून ती ७ वर्षं पुन्हा सुरू होत नाहीत. नवीन एजन्सीने नवीन तारीख टाकली असेल तर ते चूक आहे.

रिपोर्टवर चुकीचं असलं तर ब्युरोला वेगळा डिस्प्युट टाकावा लागतो, कलेक्टरला लिहिलं म्हणजे ब्युरोला कळलं असं नाही, ही दोन वेगळी दारं आहेत. ब्युरोला साधारण ३० दिवसांत तपासून कळवावं लागतं.

आणखी एक. हे लोन नक्की प्रायव्हेटच आहे ना? तुमच्या केसमध्ये एफ-१ म्हणजे प्रायव्हेटच, पण इथे ज्यांची मुलं सिटिझन आहेत त्यांनी आधी स्टुडंटएड डॉट गव्ह वर लॉगिन करून बघा. तिथे दिसलं तर फेडरल. फेडरलला दावा लावायची मुदतच नाही, आणि कोर्टात न जाता पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, टॅक्स रिफंड अडवू शकतात. प्रायव्हेटवाल्याला ह्यातलं काहीही कोर्टाच्या निकालाशिवाय करता येत नाही. फोनवरचा माणूस प्रायव्हेट लोनसाठी "उद्यापासून पगार कापू" म्हणाला तर ते खोटं आहे.

सातारी_बाणा:
सेटलमेंटचं पत्र वाचून मीही म्हणतो, लढा. दिरांनी एफडी मोडून शब्द पाळला आहे. त्यांच्यावर परत ओझं येता कामा नये.

पुणेरी_पोरगी:
थोडं अवांतर, पण इथेच विचारते. माझ्या भावाचं एज्युकेशन लोन इकडच्या बँकेचं आहे, साडेसात लाखांच्या आतलं त्यामुळे तारण नाही, बाबा सहकर्जदार. दोन हप्ते बँकेने जमा केलेच नाहीत, आमच्याकडे पावत्या आहेत, आणि आता रिकव्हरी एजंट घरी येतो. इकडे असं व्हॅलिडेशन मागता येतं का?

शमा_एस:
मी बँकेत होते, आता रिटायर. अमेरिकेसारखा ३० दिवसांचा कायदा आपल्याकडे नाही पण आरबीआयच्या सूचना आहेत आणि त्या वापरायच्या. एजंटकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागायचं, कुठल्या एजन्सीला केस दिली हे बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असं ऑगस्ट २०२२ मध्ये आरबीआयने पुन्हा बजावलंय. तुमच्या कामाचं म्हणजे, तक्रार दिलेली असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने केस एजंटकडे सोपवू नये असंही सूचनांत आहे, तक्रार उगाचच्या उगाच आहे असं बँक दाखवू शकली तरच अपवाद. म्हणून शाखेत तोंडी बोलू नका. शाखा व्यवस्थापकाला अर्ज, सोबत पावत्यांच्या प्रती, कर्जखात्याचा पहिल्यापासूनचा उतारा मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, फी नाही.

मुदत आपल्याकडे साधारण ३ वर्षं, १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टनुसार, पण लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली की तिथून पुन्हा ३ वर्षं. बँका दरवर्षी जो "बाकी मान्य" चा कागद सहीला पाठवतात तो त्यासाठीच. रक्कमेचा वाद असेल तर बाबांना त्यावर न वाचता सही करू देऊ नका.

पुणेरी_पोरगी:
शमाकाकू थँक्यू!! तो कागद आलाय घरी, टेबलावर पडलाय. सही नाही केली अजून.

मृदगंध:
नीलाक्षी, आमचा अनुभव सांगते म्हणजे पुढचं माहीत असावं. माझ्या बहिणीच्या बाबतीत असंच पत्र पाठवलं, फोन लगेच बंद झाले, आम्हाला वाटलं जिंकलो. मग काही महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचं पत्र, तेच खातं, नवीन लेटरहेड. परत सगळं पहिल्यापासून. तिने ते साधं ऑफर लेटर समजून बाजूला ठेवलं असतं तर ३० दिवस गेले असते. एजन्सी बदलली की नवीन नोटीस आणि नवीन ३० दिवस हे लक्षात ठेवा.

नीलाक्षी:
अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. पत्र गेलं, हिरवी पोचपावती सहीसकट आली, फोन खरंच थांबले. जाऊबाईंनी स्क्रीनशॉट पाठवले, फोन ह्याच वर्षीचा आहे. त्यांनी दोन पानं लिहून पण पाठवली, त्यात त्या माणसाने "पोलीस" हा शब्द किती वेळा वापरला ते सुद्धा लिहिलंय.

काल एजन्सीचं उत्तर आलं. दोन ओळी. आमच्या ऑफिसातलं तुमचं खातं बंद केलं असून ते क्रेडिटरकडे परत पाठवलंय. नोट नाही, उतारा नाही, मूळ क्रेडिटरचं नाव पण नाही. हे म्हणाले संपलं. मला मृदगंधची पोस्ट आठवली.

विद्याधर_के:
बरोबर आठवली. खातं परत गेलंय, मिटलेलं नाही. आता सेटलमेंटचं पत्र आणि वायरची पावती बाहेर काढायची वेळ आली, कारण तुमचं पत्र एकरकमी आहे, मुदतीत भरलंय, त्यामुळे ते दाखवण्यात धोका कमी. पण ते वकिलाच्या हातून जाऊ दे. जाऊबाईंच्या फोनचं प्रकरण त्यांच्याकडे न्यायचंच आहे, एकाच भेटीत दोन्ही होईल. वकील थेट क्रेडिटरला लिहील. सीएफपीबीकडे तक्रारही टाका, कंपनीकडून साधारण १५ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, आणि तिथे दिलेलं उत्तर लेखी राहतं. २०२० चं १०९९-सी आलं होतं का पुतण्याला ते विचारा. ६०० डॉलरच्या वर माफ केलं की क्रेडिटरने तो फॉर्म द्यायचा असतो. असला तर तो एकटा निर्णायक पुरावा होत नाही, पण उरलेली रक्कम त्यांनी सोडून दिली होती ह्या म्हणण्याला जोर येतो.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी. कोर्टाचं समन्स आलं तर हे व्हॅलिडेशनचं पत्र त्याला उत्तर होत नाही. न्यू जर्सीत ३५ दिवसांत कोर्टात उत्तर दाखल करावं लागतं. नाही केलं तर कागद असोत नसोत, त्यांच्या बाजूने डिफॉल्ट निकाल लागतो, आणि मग पगार, बँक खातं सगळ्याला हात घालता येतो. ह्या केसेस लोक हरतात त्या बहुतेक वेळा समोरच्याकडे पुरावा होता म्हणून नाही, तर कोणी हजरच झालं नाही म्हणून. मुदत उलटली हा बचाव सुद्धा तुम्ही उत्तरात मांडला तरच कोर्ट बघतं, आपणहून बघत नाही.

नीलाक्षी:
१०९९-सी विचारलं, पुतण्या म्हणतो इथला जुना पत्ता त्याच्या रूममेटचा होता, तिकडे आलं असेल तर शोधतो. आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) अकाउंटवर ट्रान्सक्रिप्ट मिळते म्हणे, ती पण बघायला सांगितलीय. नाकाच्या साईटवरून आमच्या काउंटीतल्या दोन वकिलांना लिहिलं, एकीचं उत्तर आलं, सोमवारी फोनवर बोलणं आहे. रिपोर्ट तिन्ही काढले. दोनांवर काही नाही, एकावर ह्याच एजन्सीची नोंद आहे, आणि वादाचा शेरा लावलेला नाही.

विद्याधर_के:
वाद माहीत असताना शेरा न लावता ब्युरोला कळवत राहिले असतील तर तेही एफडीसीपीएचं उल्लंघन आहे. त्या पानाचा तारखेसकट प्रिंट काढा आणि सोमवारच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. ब्युरोचा डिस्प्युट वकिलाशी बोलून मगच टाका.

मृदगंध:
नीलाक्षी, पाठवलेल्या पत्राचा इंग्रजी मसुदा नावं आणि नंबर काढून टाकशील का इथे? बऱ्याच जणांना लागेल.

नीलाक्षी:
टाकते. रेफरन्स नंबर आणि पत्ता खोडून आज रात्री पोस्ट करते. कोणाला आधी हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.